व्यास

दिवसाच्या शाळेची दिवाळी सकाळीच होऊन गेली होती.
आम्ही पोचलो तेव्हा रांगोळीच्या मोरावरून
चारशे चपला गेल्या होत्या,
आणि व्हरांड्यात दोरीला पुठ्ठ्याचे आकाशकंदील,
एकेकावर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक.
आमच्यातलं कुणाचंच नाव नाही.

पटावर तेवीस. साडेसातला हजर दोन.
बाकीचे कुठे, हे या आठवड्यात विचारायचं नसतं.
शहराची दिवाळी तेच तर करतात.
शेषराव हेडाऊ सीताबर्डीच्या एका कापडदुकानावरून
चार मजले माळा खाली सोडत असतो,
पंचशीला रामटेके सोनपापडीचे डबे
मोजते, बांधते, पुन्हा मोजते,
आणि बिहाडेमावशी, वय एक्कावन्न, इयत्ता आठवी,
महालातल्या तीन घरची भांडी घासून
चौथ्या घरी चकल्या पाडते.

फळ्यावर मी लिहून ठेवलं: वर्तुळ. त्रिज्या. व्यास.
खडू मोडला.

नवाला वीस कमी असताना आले, एकेक करत,
बेसनाचा, ऑइलपेंटचा, घामाचा वास घेऊन.
सुखदेव मरसकोल्हेच्या हातात कळमन्याहून आणलेली पिशवी:
ट्रकमधून घरंगळलेली संत्री, एका बाजूनं दबलेली.
"फेकूनच देत होते सर. म्हटलं, वर्गाले होतील."

पणत्या कुणीच आणल्या नव्हत्या.
पगार उद्या होता. सगळ्यांचाच उद्या.
बिहाडेमावशीनं कंपासपेटीतलं कर्कटक उचललं,
संत्र्याच्या बरोबर पोटावरून एक रेघ फिरवली,
अंगठा आत सारला, सावकाश,
झोपलेल्या लेकराच्या अंगातलं झबलं काढावं
तशी साल सोडवली, कुठे न फाडता.
तिची झाली वाटी; आणि वाटीच्या मधोमध
एकटाच उभा राहिलेला पांढरा दोर.
"वात हाय हे. देवानंच वळून ठेवली.
आमी लहानपनी काटोलले करत होतो."

तेल तिच्याच डब्यातलं, लोणच्यावरचं,
किंचित हिंग लागलेलं.
पहिली काडी गेली. दुसरी. तिसरी वाऱ्यानं.
"आमच्याकडे दिवाळी नाही करत, सर," पंचशीला म्हणाली,
"आमचा सण दसऱ्यालेच झाला."
आणि तिनंच तो दोर तेलात निजवला, चिमटीनं पिळला,
उभा केला, चौथी काडी ओढली.
तडतडला. थांबला.
मग धरला.

शेषराव उठून बटणापाशी गेला.
दिवसभर सगळ्या बर्डीला लखलखवून आलेला माणूस,
ट्यूबलाइट बंद करताना
चोरी केल्यासारखा हसला.

साल आतून उजळली; तिचं रंध्र न् रंध्र दिसू लागलं,
मावशीच्या नाकावरच्या भोकांसारखं,
जिथे आता चमकी नाही.
एकाचे सात झाले. सातांच्या उजेडात
फळ्यावरचं काही वाचता येत नव्हतं,
तरी सुखदेवनं पट्टी काढली
आणि जळत्या दिव्याच्या तोंडावर आडवी धरली:
"साडेसहा सेंटिमीटर, सर. व्यास."
परीघ चुकला. मी लाल खूण केली नाही.
संत्री आंबट होती. सगळी खाल्ली.
घंटा कुणी दिली नाही, शिपाईही आतच बसला होता,
बिया मुठीत धरून.

सुट्टीनंतर मुख्याध्यापकांची चिठ्ठी:
बाकांवर काळे गोल डाग पडले आहेत,
रात्रवर्गानं लेखी खुलासा करावा.
तो अजून द्यायचा आहे.
पण खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर
काजळीच्या त्या गोलात
कुणीतरी सकाळच्या पोरानं बोथट पेन्सिलीनं लिहिलंय:

*इथे रात्री कोण बसतं*
*माझ्या कप्प्यात वास येतोय संत्र्याचा*
*परत करा*

बिहाडेमावशीनं अक्षरावर बोट ठेवून वाचलं,
पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मला विचारलं,
"परत करा म्हंजे काय जी?
वापस द्या, का अजून एकदा?"