मूळ गाव

आईच्या बिडी कार्डावरचा नंबर १०४७२९.
निपाणीच्या खिडकीतला कारकून मोठ्यानं वाचतो:
ओंदु लक्षद नाल्कु साविरद एळुनूर इप्पत्तोंबत्तु.
आई मान हलवते, कानाला सवय आहे,
मग ओठातल्या ओठात आपल्याकडं आणते,
सातशे... एकोणतीस.

ते म्हणतात वीस, वर नऊ.
आम्ही म्हणतो तीस, त्यात एक कमी.
एकाच पायरीवर
कुणी चढून येतं, कुणी उतरून.
शून्य तेवढं दोन्ही लिप्यांत सारखंच गोल.

फॉर्मात रकाना होता: मूळ गाव.
आई म्हणाली, "कुठलं लिहू साहेब?
हलकर्णीत जन्मले, अकोळला दिली, निपाणीत बिड्या वळते."
त्यानं चष्मा वर केला.
रकाना तसाच राहिला.

त्या रात्री मी नंबरालाच विचारलं, तू मूळचा कुठला.
तंबाखूच्या रिकाम्या पुड्याच्या पाठीवर भागायला बसले.
दोननं नाही. तीननं नाही.
सातानं भागलं, दोन उरले.
तेरानं तर उंबऱ्यापर्यंत नेलं
आणि एक उरला,
पायात चप्पल घालून उभा.
सहासष्ट मूळ संख्या लावून पाहिल्या, तीनशे सतरापर्यंत.
पुढं जायचं नसतं. मगदूम सर म्हणायचे,
"वर्गमुळाच्या पलीकडं कुणी नवा भेटत नाही, पोरी."

पहाटे सरांनी दिलेलं कोष्टक काढलं,
कव्हर गेलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
शेवटचं पान, शेवटची ओळ, शेवटचा आकडा:
दहा हजारावी मूळ संख्या, १०४७२९.
कोष्टकाची वेस.
पलीकडं संख्या आहेतच,
फक्त छापलेल्या नाहीत.

आई सूप मांडीवर घेऊन बसलेली.
"भाग जात नाही म्हणजे?"
"एकानं जातो. नाहीतर स्वतःनं."
"पंचवीसच्या कट्ट्यात बांधून बघ की."
बघितलं. चार हजार एकशे एकोणनव्वद कट्टे
आणि चार सुट्या.
"सुट्या छाटीत जातात," ती म्हणाली,
"त्याचे पैसे मिळत नाहीत."

मग मी वर्गांचं सांगितलं.
तीनशे तेवीसचा वर्ग, त्यात वीसचा वर्ग,
मिळवले की नेमका तुझा नंबर.
आणि अशी जोडी एकच, आई.
जन्मभर शोधलीस तरी दुसरी नाही.

तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं.
"म्हणजे एक मोठं रान,
आणि शेजारी वीस बाय वीसचं परडं."
"हो, तसंच."
"रान राहू दे," ती म्हणाली,
"परडं पुरलं असतं आपल्याला."
आणि पुढचं पान नीट भिजलंय का
ते बोटानं बघितलं.