मी आलो

बार्शीत आमच्या घरी क्रियापदाला शेपूट होतं
आणि ते वडिलांच्या मुठीत असायचं.
सात वर्षांचं असताना दप्तर टाकून म्हटलं होतं,
"आई, मी आलो."
सगळे हसले.
चौदाव्या वर्षी तेच म्हटलं
तर पितळी तांब्या आला अंगावर.
ती खोक अजून भुवईत आहे.

मग कोल्हापूर.
पहाटे स्टँडवर उतरलो
तर पोह्याच्या गाड्यापाशी एक बाई दुसरीला सांगत होती,
"चल, मी जातो गं, डबा कराचाय."
मी बॅग खाली ठेवली.
कुणी वळून बघितलं नाही,
ना पोहेवाल्यानं, ना तिच्या कडेवरच्या पोरानं.
अख्ख्या गावाच्या बोलीत
माझ्या मापाची एक फट होती.
दोन वर्षं तिच्यात राहिलो.

कुंभार गल्लीत हौसाक्काकडं माती मळायचो.
तिथं शमशू होता, साचे धुणारा,
आणि विमलताई,
जिचे दोन मुलगे इचलकरंजीत आहेत
आणि इचलकरंजी तिच्यासाठी काशीहून लांब.
एका काटवटीतल्या भाकरी. खरडा.
भांडणंही चिक्कार, मोरीवरून, पंख्यावरून,
शमशूच्या घोरण्यावरून.

त्या ऑगस्टात पाणी गल्लीत शिरलं.
रात्रभर माळ्यावर मी आणि हौसाक्का,
भोवती डोळे नसलेले चाळीस गणपती.
ओल्या सदऱ्याखालची छातीवरची पट्टी
तिला बॅटरीच्या उजेडात दिसली.
बराच वेळ पाण्याचाच आवाज.
"म्हंजी तुझं 'आलो' आमच्यातलं न्हवं."
मी गप्प.
"बरं. त्यो पाय उचल तिकडं, सोंड मोडंल."

सकाळी तिच्या हाकेतला 'गं' नव्हता.
'रं' होता.
वाहून गेला असेल.

आईचा फोन येतो दुपारी तीनला, वडील झोपल्यावर.
इतक्या वर्षांत तिनं
शेपूट नसलेली वाक्यं शोधून ठेवलीत.
जेवण झालं?
पाऊस आहे का तिकडं?
बरं आहे ना सगळं?
चिखलात साडी वर धरून
दगडावरून दगडावर पाय टाकावा
तशी बोलते. एकदाही घसरली नाही.
आधी याचा राग यायचा.
आता वाटतं, एवढे दगड
तिनं एकटीनं कधी आणून टाकले?
राग पुरता गेलाय असं नाही.

शेवटी विचारते, "कधी येणार?"
हेही त्यातलंच. येणार.
कुणालाही चालतं.
"गणपती झाले की बघू," म्हणतो,
आणि दोघांनाही माहीत असतं
की गणपती दरवर्षी होतात.

आत हौसाक्का पाठमोरी,
कुंचला दातात धरलेला.
एक डोळा झालाय, एक राहिलाय.
"आलास?"
"आलो."
"मग दार लोट. झड येतीया."