दोन घट्ट ओळी

मार्चअखेर.
पतसंस्थेत नोटा मोजताना
शंभराला हात थांबतच नाही :
एकशे दहा, अकरा, बारा...
तेवढे टाके आहेत सुईवर.
बंडल पुन्हा मोजायचं.

सुया डब्याच्या पिशवीत.
लक्ष्मीपुरी ते फुलेवाडी
केएमटीत बसायला मिळालं तर दीड ओळ,
उभं राहिलं तर नुसताच हिशेब :
गॅस, मृण्मयीचे फुटबॉलचे बूट,
नणंदेचं बाळंतपण.
बाळ चैत्रात येणार,
आणि बाही अजून एकच.

रात्री ओटा पुसून बसले
की संग्राम म्हणतो, "झोप की आता."
एवढी ओळ, म्हणते मी,
आणि ओळीच्या मध्यावर
मान पडते.

काल पिशवी घरीच राहिली.
दिवसभर बोटांना काही सुचेना.
संध्याकाळी बघते
तर विणकाम दोन ओळींनी वाढलेलं.
सुई शिरेना इतकं घट्ट,
साच्यात वाळू ठासावी तसं.

मामंजी मोबाइलवर पेठेची मॅच लावून बसलेले.
तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत गेली.
अंगठ्यावर भाजल्याचा खडबडीत चट्टा,
त्यात अडकलेला
निळ्या लोकरीचा एक तंतू.
कधी बघून शिकले, कुणास ठाऊक.

"चहा टाकू?"
"टाक. साखर बेतानं."
मान वर केली नाही त्यांनी.
मीही काही बोलले नाही.

बाळाच्या छातीशी जरा आवळेल.
आवळू दे.
आज बसमध्ये खिडकी मिळाली,
पुढची ओळ उलट आहे,
आणि एकेक टाका
सुईनं उचकटून घ्यावा लागतोय.
रंकाळा कधी मागं गेला, कळलंच नाही.