पांढरी

सकाळी साडेसातला पिवळी पेटी उघडते.
दोन कुलपं. दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात.
ठोकळ्यावर यंत्र ठेवून आजचा प्रमाण-आकडा घेते,
चार मिनिटं. माणसं तीन मीटर लांब.
बकऱ्यांना नियम माहीत नाही.

"बाम हाये का वं थ्यात?" रोलरवरचा गेडाम रोज विचारतो.
दाण्याएवढा सिझियम आहे, मी रोज सांगते.
"मंग भेतं काहून?"
छातीवरचा बिल्ला तीन महिन्यांनी मुंबईला जातो,
मग तिथून कळतं
मी किती भ्यायला हवं होतं.

साखळी बाराशे चाळीस. मुरूम, तिसरा थर.
सळई ठोकून भोक पाडते, दांडा आत ढकलते.
किरण मातीतून गाळत येतात,
माती दाट असली की थोडेच पोचतात.
पाण्याचं वेगळं. न्यूट्रॉन हायड्रोजनला धडकतो नि मंदावतो,
बाजाराच्या दिवशी ओळखीचं कुणी दिसलं
की माणूस सायकलवरून उतरतो, तसा.
किती उतरले ते यंत्र मोजतं.
त्यालाच ओलावा म्हणतं.

ओलावा पंधरा पूर्णांक आठ.
दाबणी चौऱ्याण्णव टक्के. नापास.
"बारा फेऱ्या मारल्या म्या! टाच हानून पाय."
हाणून पाहते. टाच दुखते.

मग तीच माती तव्यावर, गॅसवर.
दोनशे ग्रॅमचे एकशे ऐंशी उरले.
अकरा टक्के.
वरचं पावणेपाच टक्के पाणी कुठलं,
जे भाजूनही निघत नाही?

पंचफुला टँकरची नळी खांद्यावर घेऊन उभी होती.
धूर तिच्याकडे गेला.
"हे मुरूम नोहे पोरी. हे पांढरी हाये."
कुठली?
"जुन्या बोरखेडीची. धरनात गेली थे.
पानी उतरलं का ठेकेदार डंपर लावते."
वाकून बोट टेकवत गेली:
"हे कुटार. हे सारवन.
हे कोनाच्या तरी चुलीचं पोतेरं."

यंत्र खोटं नव्हतं बोललं.
त्याला हायड्रोजन दिसतो,
पाण्यातला की कुडाच्या भिंतीतला
हे त्याला विचारता येत नाही.

वहीत शेऱ्याला एक ओळ जागा.
लिहिलं: सेंद्रिय अंश, थर काढून टाकावा.
"काहाडून कुठं टाकतेत?"
तो रकाना नाही वहीत.

तिनं कुटाराची एक काडी उचलली,
दातात धरली,
नि नळी ओढत पुढं गेली.
साखळी बाराशे साठ.
सळई गरम झाली होती, पदरानं धरली.