म्घोईला न सांगितलेलं

म्घोई, मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

त्या रात्री तुझ्या मक्याच्या कडेला
आपण तारेवर मधाच्या पेट्या टांगत होतो.
हत्तीनं तार हलवली की माशा उठतात
आणि एवढं मोठं जनावर
कान फडफडवत माघारी फिरतं.
तोंडातली पक्कड काढून तू विचारलंस,
तुमच्या गावात रात्री कोण येतं?
मी म्हणाले, कोणी नाही.
आमच्याकडे फक्त द्राक्षं.

पावणेदोन लाख भरून स्वयंसेवक झाले होते मी.
पतसंस्थेतली ठेव मोडली,
पिवळ्या तापाची लस टोचून घेतली,
नाशिकरोडच्या प्रयोगशाळेतून सहा आठवड्यांची रजा.
भावानं विचारलं, तिथं पगार किती?
मी हसले. तोही हसला, पण वेगळ्या कारणानं.

तुमच्याकडे मला सगळं जमलं.
शाळेच्या भिंतींना चुना, पाणवठ्यावरचे ठसे मोजणं,
तुझी उगाली तर आमच्या कण्यांची सख्खी बहीण.
हत्तीनं तुझी टाकी फोडली त्या सकाळी
मी चिखलात बसून रडलेसुद्धा.
तू नाही रडलीस.
तू फुटक्यात काय वाचलंय ते बघत होतीस.

आता ऐक.
माझ्या घरापासून अर्ध्या तासावर दारणा नदी.
काठानं ऊस, ऊस आणि ऊस,
आणि उसात बिबट्या.
उसातच जन्मतात त्यांची पिल्लं,
डोंगर त्यांनी लांबूनच पाहिलेला.

आमच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धुते ती बेबी गांगुर्डे.
तिचा सार्थक, चार वर्षांचा.
संध्याकाळी साडेसात, ओट्यावर,
हातात भाकरीचा तुकडा.
एवढंच सांगते.

महिन्यानं बेबी कामावर आली.
नळ्या धुतल्या, उलट्या लावल्या.
मी म्हणाले, आलीस का,
आणि खिडकीशी जाऊन
अहवालांवर शिक्के मारत राहिले.
त्याच आठवड्यात तुमच्याकडचा अर्ज भरला.
त्यात रकाना होता : येण्याचं कारण.
मी लिहिलं, माणूस आणि वन्यप्राणी
यांच्यातला संघर्ष जवळून समजून घेणे.

जवळून.

परत आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवले.
बेबीनंही पाहिले, ओले हात पदराला पुसून.
तुझ्यापाशी थांबली.
"हिचं काय नेलं हत्तीनं?"
मका, मी म्हणाले. पाण्याची टाकी.
"आणि कुंपण घालायला तुम्ही किती जण गेला होता?"
अकरा.
ती काही बोलली नाही.
अकरा हा आकडा तेवढा
दिवसभर नळाखाली वाहत राहिला.

त्या रविवारी मी सिन्नरची बस धरली.
बेबीनं चहा ठेवला. मी बसले.
ओट्याच्या त्या कोपऱ्यात आता
कोणी बसत नाही, तिथं सरपण रचलंय.
काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं,
त्यातलं एकही वाक्य वर आलं नाही.
मग तिचा नवरा म्हणाला, जाळी आणून पडलीय,
बांधायला दुसरा हात नाही.

म्घोई, मला तार पिळता येते.
दोन पेड, मग पक्कड, मग आतल्या बाजूनं दुमड,
पोराबाळांना टोचू नये म्हणून. तूच शिकवलंस.
दिवस मावळेपर्यंत तीन बाजू झाल्या.
चौथीला तार पुरली नाही.
बेबी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली,
सबंध वाट हातातली थाळी वाजवत,
आणि मग एकटीच परत गेली, वाजवत.

तुमच्या प्रकल्पाचा हिरवा शर्ट मी तिला दिलाय,
छातीवर हत्ती असलेला.
मला वाटलं, घालेल. किंवा फरशी पुसेल.
पुढच्या रविवारी तार घेऊन गेले तर
चौथ्या बाजूला, जिथं जाळी नव्हती,
तिनं दोन बांबूंचं बुजगावणं उभं केलं होतं
आणि त्याला तो शर्ट.

तुझा हत्ती उसाकडे तोंड करून उभा होता.
अंगात वारा भरला की
जरासा पुढे सरकल्यासारखा वाटायचा.