पार्किंगमधली सभा

खुर्च्या बत्तीस मागवल्या होत्या, आलात तुम्ही एकोणीस.
हरकत नाही. बाकीचे गॅलरीतून ऐकतायत,
जाळीतून मला त्यांच्या चपला दिसतायत.

माईक नको. बी विंगमध्ये बाळ झोपलंय म्हणे.
शिवणक्लास चालवलाय मी बारा वर्षं, इथेच, आंबेगावात,
अकरा मशिनींच्या वरताण बोलायची सवय आहे.

तर, पाणी.
खडू आहे का गं तुझ्याकडे? दे इकडे.

ही टाकी. ही टेकडी. हे तुम्ही.
मुळगुंद, स्कूटर जरा सरकवा,
मुख्य लाइन तिच्या खालून जाते, म्हणजे चित्रात.
पहाटे चारला पाणी सुटतं
आणि आधी खालच्या आळीकडे पळतं.
त्याला प्रभाग कळत नाही, मतदारयादी कळत नाही,
त्याला उतार कळतो.
गेणू चावीवाला सायकलवर लोखंडी चावी बांधून
चौदा व्हॉल्व्ह फिरतो,
सहा सोडायचे, आठ आवळायचे,
आणि तुमच्या व्हॉल्व्हपाशी पोचेस्तोवर
तुमच्या तासातली चाळीस मिनिटं सरलेली असतात.
त्याला शिव्या देऊ नका.
त्याच्या घरी टँकर येतो.

नवी लाइन? बरोबर आहे, बागवानभाभी.
अंदाजपत्रकात तरतूद आहे तिची, मीच लावून घेतली.
पण तरतूद म्हणजे पैसे नव्हेत.
तरतूद म्हणजे वहीत लिहिलेली मापं,
कापड अजून दुकानातच.
पुढे टेंडर, पुढे रस्ता खोदायची परवानगी,
रस्ता खोदायचा तर तो पावसाळ्याआधी,
आणि पावसाळ्याआधी तो नुकताच डांबरी केलेला असतो.
हसा. मीही हसते, कार्यालयातून बाहेर आल्यावर.

आणि एक शब्द असतो, वर्गीकरण.
म्हणजे एकाच्या सदऱ्याचं कापड काढून
दुसऱ्याच्या बाहीला लावायचं.
कायदेशीर असतं ते. ठराव होतो, सही होते.

कोण बोललं? तू? नाव काय तुझं?
मल्हार. कितवीत आहेस? आठवी.
परत विचार, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

कमानीला किती लागले.

चौकातली कमान, वर माझं नाव, खाली मालकांचं,
आणि रात्री निळे दिवे.
अठरा लाख, बाळा.
कुठल्या बाहीतून काढले ते तुला कळलंच असेल
म्हणून तर विचारतोयस.

महिला वॉर्ड पडला म्हणून मला उभी केली.
पहिल्या वर्षी लोक मला ओळखायचे नाहीत,
मालकांना नमस्कार करायचे, मला चहा सांगायचे.
कमान वीस दिवसांत उभी राहिली.
पाइप जमिनीखाली जातो.
पाइपवर नाव लिहिता येत नाही.
मी सही केली.

मुळगुंद, बसा. ओरडायचं तर ओरडा, पण बसून,
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं.

आता ऐका. फाइल मंगळवारी
कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर असेल.
मी एकटी गेले तर तो खुर्ची देतो, बिस्किटं मागवतो.
पाच बायका हंडे घेऊन आल्या तर फाइल उघडतो.
हे माझ्या विरुद्धच सांगतेय मी तुम्हाला, कळतंय ना?
मंगळवार, सकाळी अकरा. कोण येतंय?

चपला आत गेल्या.

बागवानभाभी. एक.
मुळगुंद, तुम्ही गुडघ्यासकट? बरं, दोन.
मल्हार, तुझी शाळा आहे. आईला पाठव.
इथेच लिहिते नावं, टाकीशेजारी.

उद्या कुणीतरी गाडी धुवेल आणि हे सगळं पुसून जाईल.
धुवा, माझी ना नाही.
फक्त पाइप लावू नका. बादली घ्या.