गाळलेलं पाणी

मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात
थर्माकोलचा डबा कानाला लावून उभा होतो.
हमाल म्हणाला, "बॉम्ब हाय का काय?"
आत पिशवीभर समुद्र, त्यात
करंगळीच्या दोन पेरांएवढी एक कोळंबी
आणि एक मासा.
पावती दोघांची मिळून एकच.

खणभागात दुसऱ्या मजल्यावर
समुद्र मी मापाने करतो.
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, आरओचं पाणी,
रात्रभर फिरतं ठेवायचं, सकाळी काटा बघायचा.
हळदीच्या पेढीवर दिवसभर वजनं लिहिणाऱ्याला
हे काही जड नाही.
जड गेलं ते आईला सांगणं
की फ्रीजमध्ये, दह्याच्या वरच्या कप्प्यात,
त्या निळ्या पाकिटात काय आहे.

आई अजून नळाचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळते.
फडकं उलटं करून वाटीत धुते,
आणि ती वाटी हातात धरून थांबते क्षणभर.
न दिसणारे जीव जिथले तिथे सोडायचे असतात,
आणि आमची विहीर बुजवून वीस वर्षं झाली.
"जीव जगवायला जीव घालतोस," एवढंच म्हणाली.
दुसऱ्या महिन्यात एक छोटा फ्रीज आला, हप्त्यावर.

कोळंबीला जवळजवळ दिसत नाही.
दिवसभर बीळ उपसते,
रेतीचा ढीग पुढे लोटत दाराशी येते
आणि एक मिशी माशाच्या अंगावर ठेवते.
मासा उंबऱ्यात बसलेला. त्याला बीळ खणता येत नाही.
काही हललं की त्याची शेपटी थरथरते,
हिला मिशीतून कळतं,
आणि आल्या पावली मागच्या मागे आत.
ह्याला मी प्रेम म्हणणार नाही.
आमच्या पेठेत रुमालाखाली सौदे व्हायचे,
बोटांवर बोटं, तोंडातून अवाक्षर नाही,
तोंडं भलतीकडेच बघत असायची.
तसं काहीतरी.

रात्री मात्र ती बोलते.
टक.
नखाने काच वाजवावी तसं.
पहिल्या रात्री टॉर्च घेऊन तासभर
टाकीचा तडा शोधत होतो.
आई आतून म्हणाली, "काय फुटलं?"
म्हटलं, काही नाही, चिमटा वाजवते ती.
"कशाला?"
हे मला सांगता आलं नाही.

मग पूर. आयर्विनवर पाणी चढत गेलं,
गल्लीत आलं, जिन्यात आलं,
वीज गेली ती गेलीच.
त्या आठवड्यात आईची तेवढी अडचण मिटली:
सातव्या पायरीवर वाकून
वाटी सरळ नदीत.

सेलवरचा पंप दोन रात्री चालला.
तिसऱ्या रात्री तांब्याने पाणी उचलून
वरून धार सोडत बसलो, हवा मिसळावी म्हणून.
पहाटे कधीतरी हातातून तांब्या कुणी घेतला.
"तू पड जरा."
धारेचा आवाज ऐकत झोपलो.
उठलो तेव्हा आई तिथेच होती,
पदर कोपरापर्यंत भिजलेला, मिठाने पांढरा,
आणि मासा कडेला आडवा.
"ते पोरगं गेलं रे," म्हणाली.

पाणी उतरलं. चिखल काढला, गाद्या जाळल्या,
पेढीवर भिजलेल्या हळदीचा वास.
बिळाचं तोंड आतून बुजलेलं.
मी टाकीतलं मीठ मोजत राहिलो, सवयीने.
बारा-तेरा दिवस एकही टक नाही.
मोकळी करून विकून टाकावी म्हणून
काचेचं माप लिहून ठेवलं होतं कागदावर.

आज सकाळी आई फडकं पिळत होती.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"काल दोनदा वाजलं."
मी झोपलो होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं.
"दोनदा," ती म्हणाली. "त्याला मासा आण."
मी विचारलं, आणि ते निळं पाकीट?
तिने फडकं झटकलं,
दोरीवर टाकलं,
चिमटा लावला.